होडी निघाली घाटावर

"वजन किती?" पिकअपवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला. साठ किलो म्हटलं की तो हसतो. साठ किलोंसाठी अख्खी गाडी कशाला करता, द्या की कुणाच्या तरी टेम्पोत टाकून. मग लांबी सांगायची. चौदा फूट. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही आणि मग सावधपणे विचारणा होते, "म्हणजे माल नक्की काय आहे?" होडी म्हणताच भाडं वाढतं. का वाढवलं हे त्याला धड सांगता येत नाही, पण वाढवलं पाहिजे एवढं त्याला कळतं. आणि त्याचं बरोबरच असतं.

आपल्याकडची सगळी मालवाहतूक टनात विचार करते. ऊस, कांदा, सिमेंट, वाळू, सगळ्याचा हिशेब टनाचा, पोत्यांचा नाहीतर ब्रासचा. होडी या हिशेबात बसत नाही. ती हलकी, पोकळ, लांबलचक, आणि भलत्या जागी दाब आला तर तडकणारी. पाण्यात तिच्या पोटाला सगळीकडून सारखा आधार मिळतो. गाडीवर चढवली की तेच अंग दोन आडव्या दांड्यांवर टेकतं आणि खड्ड्याखड्ड्याला त्याच दोन जागी मार खातं. नौदलातून निवृत्त होऊन आता मुलांना शिडाची होडी शिकवणारे एक सर मला म्हणाले, "माझ्या होड्या समुद्रात कमी मोडल्या, रस्त्यावर जास्त." त्यांच्या शेडमध्ये फायबरची ठिगळं लावलेल्या होड्या ओळीने पालथ्या पडल्या होत्या. प्रत्येक ठिगळाला ते गावाचं नाव सांगत होते. हे खोपोली, हे टेंभुर्णी, हे उमरगा.

या होड्या केवढ्या असतात ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं फुटा-इंचांवर अवलंबून आहे. पंधरा वर्षांखालची मुलं चालवतात ती ऑप्टिमिस्ट: सात फूट नऊ इंच लांब, पस्तीस किलो, पुढून तासून टाकल्यासारखी चपटी. एका माणसाची लेझर: जवळजवळ चौदा फूट, साठ किलोंच्या आत-बाहेर. दोघांची एन्टरप्राइज: लांबीला लेझरपेक्षा थोडी कमी, पण अंगाने रुंद आणि वजनाने दीडपट. वर तिची डोलकाठी एकसंध, होडीहून कितीतरी लांब. समुद्रात चालवायची कयाक सोळा-सतरा फुटांपर्यंत जाते आणि तिचं वजन शाळकरी मुलाएवढं. किनाऱ्यावर पर्यटकांना तासावर देतात त्या वर बसायच्या प्लास्टिकच्या कयाक मात्र आखूड आणि दणकट.

त्यातली लेझर तर मुळात गाडीच्या टपासाठीच जन्माला आली. १९६९ मध्ये मॉन्ट्रियलच्या इयन ब्रूस याने आपल्या मित्राला, ब्रूस कर्बीला फोन केला. कॅनडातल्या एका मोठ्या दुकानदार कंपनीला कॅम्पिंगच्या सामानाबरोबर विकायला एक छोटी शिडाची होडी हवी होती आणि अट एकच, ती मोटारीच्या टपावर बांधून नेता आली पाहिजे. कर्बी स्वतः कॅनडाचा, त्या वेळी अमेरिकेत नौकानयनाच्या एका मासिकाचा संपादक. फोन चालू असतानाच त्याने पिवळ्या कागदावर होडीचं रेखाटन केलं. कॅम्पिंगचा बेत पुढे बारगळला, रेखाटन तेवढं राहिलं. १९७१ मध्ये होडी बाजारात आली, १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि आजवर दोन लाखांहून जास्त बनल्या आहेत. तिची डोलकाठी दोन तुकड्यांत निघते, शीड मोज्यासारखं तिच्यावर चढतं, सुकाणू आणि पोटातून खाली सोडायची फळी सुटी होते. व्यापारचिन्हाच्या भांडणात २०१९ मध्ये तिचं अधिकृत नाव 'इल्का' झालं. पण आपल्या क्लबांमधली माणसं लेझरच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे.

ऑप्टिमिस्टचा हिशेब तर आपल्या फर्निचरवाल्यालाही लगेच कळेल. अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स याने १९४७ मध्ये ती आखली ती आठ बाय चारच्या प्लायवुडच्या तावातून कापता यावी म्हणून. लांबी सात फूट नऊ इंच का, तर ताव आठ फुटांचा. आपल्याकडे २००५ मध्ये टाटांचा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, रस्त्यावर आला. त्याचा हौदा सात फुटांच्या किंचित वर. म्हणजे ऑप्टिमिस्ट त्यात ठेवली की अर्धा फूट बाहेर राहते आणि फाळका लागत नाही. बोलेरो पिकअपचा हौदा आठ-नऊ फुटांचा, तिथे ती आरामात बसते. लेझर मात्र कुठल्याच हौद्यात मावत नाही.

मग मागचा फाळका उघडा टाकून चार-पाच फूट बाहेर राहू द्यावी? अमेरिकेत सर्रास असंच करतात. तिथल्या पिकअपचा हौदा बहुधा साडेपाच ते आठ फुटांचा. मागच्या हुकात इंग्रजी टी-च्या आकाराचा लोखंडी आधार अडकवायचा, कयाकचं शेपूट त्यावर टेकवायचं, टोकाला लाल कापड बांधायचं आणि निघायचं. मर्यादा राज्याराज्यात वेगळी, पण मुभा आहे. आपल्याकडेही पूर्वी एक मीटरपर्यंत माल मागे बाहेर काढता येत असे. ट्रकमधून बाहेर आलेल्या सळ्यांनी रात्रीच्या अंधारात इतके बळी घेतले की २०१४ मध्ये ती मुभा काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये अशा बाहेर आलेल्या मालाला वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवायचा खर्च वेगळा. सळ्यांसाठी केलेला हा कायदा होडीलाही लागू पडतो आणि पडावाच. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती सळई होती की कयाक, याने काय फरक पडतो?

म्हणून आपल्याकडे होडी हौद्यात न ठेवता वर चढवतात. केबिनच्या डोक्यावरून मागच्या फाळक्यापर्यंत पाइपांचा सांगाडा वेल्ड करून घ्यायचा आणि त्यावर होडी. बोलेरो पिकअपची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी पंधरा फुटांहून जास्त असल्याने चौदा फुटांची लेझर पुढे-मागे कुठेच बाहेर येत नाही. हौदा मोकळा राहतो, त्यात शिडं, सुकाणू, ढकलगाड्या; डोलकाठ्या होडीबरोबर वरच. सतरा फुटी कयाकवाल्याने मात्र छोटा ट्रक पाहावा.

*

हे सगळं करायचं कशासाठी? मुंबईचा समुद्र पावसाळ्यात छोट्या होड्यांना बंद असतो. ऑक्टोबर ते मे हा इथला हंगाम. नेमक्या त्याच पावसाळ्यात हैदराबादच्या हुसेन सागरावर वारा चांगला असतो आणि जुलैच्या सुमारास तिथे 'हैदराबाद सेलिंग वीक' भरतो. देशभरातल्या होड्या तिथे येतात. म्हणजे होड्या किनाऱ्यावरून उचलून, भर पावसात, घाट चढवून, सोलापूरमार्गे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत न्यायच्या, कारण समुद्राला उधाण आलंय. लष्कराच्या आणि नौदलाच्या पथकांना त्यांचे ट्रक असतात, त्यावर मजल्यामजल्यांचे सांगाडे. खासगी क्लब आणि हौशी पालक मात्र पिकअप शोधत फिरतात.

आणखी एक विनोद या खेळात आहे. खेळाडू जितका वर जातो तितकी त्याची होडी कमी प्रवास करते. ऑलिंपिकमध्ये लेझर आयोजकच देतात. परदेशी स्पर्धांनाही होडी बहुधा तिथेच भाड्याने घेतात. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवणारा विष्णू सरवणन किंवा ऑलिंपिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला नौकानयनपटू नेत्रा कुमानन यांना बोर्डिंग पास काढून जाता येतं. पिकअपचा त्रास अकरा वर्षांच्या मुलाच्या आईबापांना.

सरांची लेझर हैदराबादला जायची होती आणि त्यांनी गाडी सांगितली होती पेणच्या एका चालकाची. मला वाटलं जवळचा म्हणून घेतला असेल. तसं नव्हतं.

पेण आणि त्याच्या आसपासच्या हमरापूर-जोहे भागात बाराही महिने गणपती घडतात. आतून पोकळ, वरून रंगवलेली, नखाएवढा टवका उडाला तरी गिऱ्हाईक परत करतं अशी वस्तू. ती २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गावरून सुखरूप बाहेर काढायची, हे तिथल्या टेम्पोवाल्यांचं पोटापाण्याचं काम. होडीच्या वाहतुकीचं मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, कुठल्या आयटीआयमध्ये हे शिकवतात असंही ऐकलेलं नाही. ज्याने आयुष्यभर मूर्ती नेल्या त्याला मात्र यातलं निम्मं आधीच येतं. सरांचा शोध तो होता.

चालक आला तो दोर वगैरे काढायच्या आधी होडीपाशी उकिडवा बसला आणि बोटाच्या सांध्याने तिच्या कडेवर ठोकत पुढून मागे सरकला. एका जागी आवाज भरीव आला. तिथे त्याने खडूची रेघ मारली. पुढे पुन्हा पोकळ, पुन्हा भरीव, पुन्हा रेघ. सर काही न बोलता पाहत होते. पहिली रेघ डोलकाठीच्या भोकाच्या रेषेत आली, दुसरी बसायच्या खोलगट जागेच्या जरा मागे. होडीचा सांगाडा तिथेच सगळ्यात कणखर असतो आणि आधार द्यायचा तो तिथेच. सरांनी हे वर्षांनुवर्षं नौदलात शिकलेलं, यानं दोन मिनिटांत ठोकून काढलं.

"आत भरलंय काय?" त्याने विचारलं.

"काही नाही. हवा."

"मग आमच्या गणपतीसारखंच."

पाइपांवर गुंडाळायला सरांनी फोम आणला होता. तो त्याला पसंत पडला नाही. "स्पंज एकदा बसला की बसला. मग दोर ढिला पडतो आणि तुम्हाला कळत नाही." त्याने गाडीतून भाताचा पेंढा काढला, पीळ देऊन मांडीएवढा जाड वळा केला आणि पोत्यात शिवून टाकला. पेंढा पहिल्या दहा-वीस मैलांत बसतो, तिथे एकदा दोर ओढून घेतला की पुढे हलत नाही, असं त्याचं म्हणणं. पावसात पेंढा भिजेल, कुजेल, असं सरांचं म्हणणं. बराच वेळ घासाघीस झाल्यावर पोत्यावर प्लास्टिक आलं. "पत्र्यावर मूर्ती ठेवतो का आपण कधी?" असं तो पुटपुटला, पण ते सरांना उद्देशून नसावं.

होडी चौघांनी उचलली आणि पालथी घातली. पोट वर, डेक खाली, कडा दोन्ही वळ्यांवर. पालथी घालायचं कारण सरांनी सांगितलं: पोटाचा तळ सपाट आणि पातळ असतो, तो दांडीवर टेकला की उन्हात आत दबतो आणि तो खळगा पुढे शर्यतीत पाणी ओढत राहतो. कडेला तशी भीती नाही. शिवाय उताणी होडी म्हणजे पावसात टाकीच.

मग पट्टे. रॅचेटचे पट्टे सरांनी खास मागवलेले, कडकड करत घट्ट होणारे. चालकाने एक लावून पाहिला आणि बाजूला ठेवला. "हा घट्ट होतो खरा. पण किती घट्ट झाला ते हाताला कळत नाही." त्याचं बरोबर होतं. लोखंडी पाइप बांधायला हा पट्टा उत्तम, पण पोकळ फायबर त्याने सहज चिरडतं. शेवटी साध्या बकलाचे रुंद पट्टे घेतले, हाताने ओढता येतील तेवढेच. ते बांधताना त्याने प्रत्येक पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला. सपाट पट्टा वाऱ्यावर फडफडतो, घूं घूं असा आवाज काढतो आणि त्या थरथरीने कड घासली जाते. पीळ दिला की वारा फुटतो आणि आवाज बंद होतो.

पुढच्या टोकापासून बंपरच्या दोन बाजूंना दोन दोर, मागून तसेच दोन. पट्टे होडीला खाली धरून ठेवतात, हे दोर तिला पुढे-मागे सरकू देत नाहीत आणि मुख्य म्हणजे नाक उचलू देत नाहीत. धावत्या गाडीवर वारा होडीच्या नाकाखाली शिरतो आणि तिला वर ढकलतो. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो. ताशी चाळीसला काहीच जाणवत नाही आणि ऐंशीला पट्टा तुटतो, त्याचं कारण एवढंच. दोर ताणायची त्याची पद्धत ऊस, कडबा, पेंढा बांधणारा प्रत्येक जण जाणतो: दोराच्या मध्यात फासा काढायचा, टोक खालच्या हुकातून फिरवून त्या फाशातून वर घ्यायचं आणि अंगाचा भार टाकून खाली ओढायचं. तो फासाच कप्पीचं काम करतो. सरांनी नौदलात हीच गाठ इंग्रजी नावाने शिकलेली. दोघांनी एकमेकांची गाठ पाहिली आणि विषय बदलला.

दोर नायलॉनचा होता. तो मात्र सरांनी बदलायला लावला आणि इथे त्यांचं चाललं. नायलॉन भिजलं की लांबतं. घट्ट बांधून निघालेली होडी पावसाच्या पहिल्या सरीनंतर सैल होते. पॉलिएस्टरच्या दोराचं तसं होत नाही. शिडाच्या होडीवर म्हणून नायलॉन मुख्यतः नांगराला वापरतात, जिथे थोडा ताण खाल्लेलाच बरा.

आता निघायचं असं मला वाटलं. पण चालक म्हणाला, खाली भरायला काय आहे?

काही नाही, म्हणजे सामानच तेवढं.

"मग नाही चालणार."

पिकअपचे मागचे पाटे दीड टन माल झेलायला बनवलेले असतात. त्यावर दीडशे-दोनशे किलो ठेवलं की पाटे दबतच नाहीत. खड्ड्यात चाक आपटलं की अख्खा धक्का सरळ वर होडीत जातो. म्हणजे होडीचा धोका ती जड असण्यात नसून हलकी असण्यात आहे. मालवाहतुकीत हे एवढं उलटं दुसरं काही मी पाहिलं नाही. मूर्ती नेतानाही हाच प्रश्न येतो आणि त्यावर त्याचा उपाय ठरलेला होता. पेणला पोह्यांच्या गिरण्या आहेत. पुण्याच्या एका व्यापाऱ्याचे पोहे त्याने खाली भरून घेतले. पुण्यानंतर काय, असं सरांनी विचारलं, तर पुण्याहून सोलापूरचा माल त्याने सांगून ठेवलेला होता. होडी सुखाने जाणार होती आणि दोन भाडी वर सुटणार होती. सरांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की आपल्याला सांगितलेल्या भाड्याचा ते मनातल्या मनात पुन्हा हिशेब करताहेत.

*

निघता निघता सरांनी होडीच्या मागच्या बाजूचं बूच फिरवून काढलं आणि सुकाणूच्या पिशवीला दोरीने बांधलं. पोकळ होडीत कोंडलेली हवा उन्हात तापली की फुगते. त्यात बोरघाट. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर वर चढते आणि बाहेरचा हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरतो. आतली हवा तेवढीच. मग सांधे ताणले जातात. समुद्री कयाकच्या बंद कप्प्यांच्या भिंतींना बारीकसं भोक ठेवतात ते यासाठीच, नाहीतर उन्हात ठेवलेल्या कयाकचं झाकण टपकन उडतं. बूच काढणं सोपं. ते परत लावायची आठवण राहणं अवघड. बूच न लावता पाण्यात ढकललेली होडी निम्म्या शर्यतीनंतर जड व्हायला लागते आणि पोराला वाटतं वारा पडला.

घाट, एक्स्प्रेस-वे, पुणे, यात सांगण्यासारखं फार नाही. वेग साठच्या वर न्यायचा नाही असं ठरलं होतं आणि तो गेला नाही. गतिरोधकांच्या पट्ट्यांवर, ज्याला सगळे रंबलर म्हणतात, चालक जवळजवळ थांबायचा. मागचे हॉर्न वाजवायचे.

भिगवणला चहा घेतला. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि ते दाखवायला पर्यटकांना होडीतून नेतात. धरण झालं नसतं तर या भागात होडीचं काम काय होतं? तरी आज काठाने होड्या लागलेल्या दिसतात. तापोळ्याला कोयनेच्या पाण्यावर तेच, पवना धरणावर कयाक. घाटावर जिथे जिथे धरण झालं तिथे तिथे होडी पोहोचली, आणि फायबरची होडी असली की ती बहुतेक रस्त्यानेच पोहोचली. कोकणात याच्या उलट. तिथे होडी गावातच बांधली जायची, ओंडक्यांवरून सरकवत वीस-तीस माणसं ती वाळूत ओढायची आणि जूनच्या आधी झापांनी शाकारून ठेवायची. फायबर आलं तसं तिथेही होडी कारखान्यात तयार होऊन गाडीवर येऊ लागली. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत मी टेम्पोवर बांधलेली होडी पाहिलेली आहे: बोटीवर टेम्पो, टेम्पोवर होडी, आणि होडीत कुणीतरी ठेवलेली मोटारसायकल. खालच्या खाडीत जायला जिची खरी लायकी, तीच गाडीवर.

प्लास्टिकच्या कयाकला हा सगळा थाट लागत नाही. ती पॉलिएथिलीनची एकसंध ओतलेली असते, आपटली तरी फुटत नाही. तिचा शत्रू ऊन. तापल्यावर ती मऊ पडते आणि पट्टा जास्त आवळला की तळाला खळगा पडतो. पण तिच्यात एक गुण फायबरपेक्षा मोठा आहे: पट्टा सोडून परत उन्हात ठेवली की खळगा बराचसा आपोआप भरून येतो. तारकर्लीपासून गोव्यापर्यंतचे कयाकवाले म्हणून तिला कशाही एकावर एक रचतात आणि सहसा त्यांचं काही बिघडत नाही.

सीमेजवळ एका नाक्यावर गाडी अडवली. हवालदाराने पालथ्या होडीकडे पाहून विचारलं, "यात इंजिन कुठंय?" नाही म्हटल्यावर त्याला ती होडी आहे हेच पटेना. कागद पाहिले. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिल लागतं, तो नियम होडीलाही आहे. ही विकायला चाललेली नाही, शर्यत झाली की परत येणार आहे, असं चलनावर लिहावं लागतं. सरांनी ते लिहून घेतलं होतं. हवालदाराने डोलकाठीचे तुकडे मोजले, ते मागे बाहेर येत नाहीत ना ते पाहिलं आणि सोडलं.

*

होड्या रस्त्याने जातात त्यातला दुसरा प्रकार खेळाचा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात पूर आला तेव्हा तिरुवनंतपुरम आणि कोल्लमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी रातोरात आपल्या होड्या लॉऱ्यांवर चढवल्या आणि आत, पत्तनंतिट्टा-चेंगन्नूरकडे नेल्या. फोमही नाही, पेंढाही नाही. दोर, माणसं आणि घाई. सरकारी आकड्यांप्रमाणे सहाशेहून जास्त होड्या गेल्या आणि पासष्ट हजारांच्या आसपास माणसं त्यांनी बाहेर काढली. या कामात मोठी अडचण पोहोचण्याची नव्हती, उतरवण्याची होती. किनाऱ्यावर वाळू असते, उतार असतो. पुराच्या कडेला असतो तो डांबरी रस्ता, जो पुढे पाण्यात नाहीसा होतो. लॉरी जाईल तिथवर मागे घ्यायची आणि माणसांच्या बळावर होडी खाली ओढायची. पाण्याखाली बुडालेल्या फाटकांवर, कुंपणाच्या भिंतींवर होड्या घासल्या, तळ फाटले. समुद्रात असली कुंपणं कुणी पाहिली होती?

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णा आणि पंचगंगेला तसाच पूर आला. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी होडी उलटली आणि अनेकांचा जीव गेला. शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी आल्याने पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. म्हणजे होडीची सगळ्यात जास्त गरज जिथे होती, तिथे होडी घेऊन जाणारा रस्ताच पाण्याखाली. एनडीआरएफची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. तिच्या रबरी होड्या हवा काढून गुंडाळता येतात, मोटर वेगळी, आणि एका गाडीत अनेक मावतात. अशा वेळी ताठ होडीपेक्षा गुंडाळलेली होडी बरी, हे शिडवाल्यांनाही मान्य करावं लागतं. पण रबर कुंपणाच्या तारेला टिकत नाही. केरळात लाकडाच्या-फायबरच्या होड्या उपयोगी पडल्या त्या त्यामुळेही. माझं मत विचाराल तर नदीकाठच्या प्रत्येक तालुक्यात होडी ठेवायची असेल तर ती गोदामात न ठेवता तिच्या मापाचा सांगाडा वेल्ड केलेली एक पिकअप ठरवून ठेवावी. चालकासकट. उन्हाळ्यात त्याला तीन-चारदा ती चढव-उतरव करायला लावावी. नुसत्या होडीची नोंद रजिस्टरला करून काही होत नाही, कारण पूर येतो त्या रात्री सगळे जण सांगाडा, दोर आणि माणसं शोधत असतात.

*

हैदराबादला पोहोचलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि हुसेन सागराच्या काठावर देशभरच्या गाड्या लागल्या होत्या. लष्कराचे ट्रक शिस्तीत, आमची पिकअप त्यांच्यामध्ये थोडी तिरकी. होडी उतरवल्यावर सर गुडघ्यांवर बसले आणि कडेवरून बोट फिरवत पुढून मागे गेले. फायबरच्या वरच्या लेपाला दाब बसला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पडतात आणि त्या पहिल्यांदा बोटालाच लागतात. खडूच्या दोन रेघा अजून पुसट दिसत होत्या. तिथे कोणतीही नवी रेघ नव्हती. डोलकाठीच्या एका तुकड्याच्या टोकाचं प्लास्टिक मात्र घासून झिजलं होतं, आणि तो सरांनीच बांधला होता.

चालकाला स्पर्धेत रस नव्हता. त्याला सोलापूरपर्यंतचं परतीचं भाडं मिळवायचं होतं आणि तो फोनला लागला होता. सरांनी विचारलं, स्पर्धा संपली की घ्यायला येशील ना. तो म्हणाला, तारीख नक्की सांगा. पुढच्या आठवड्यापासून पुण्या-मुंबईच्या मूर्ती निघायला लागतील, मग गाडी महिनाभर मिळायची नाही. सरांनी रविवार म्हटलं. त्याने सोमवार म्हटलं. रविवारी बक्षीस समारंभ लांबणार, होडी अंधारात बांधायला लागणार, आणि अंधारात तो होडी बांधत नाही. सोमवारी सकाळी सहाला यायचं ठरलं. पेंढा त्याने नेला नाही, वळे तिथेच शेडमध्ये ठेवून गेला.